अँटिव्हायरसने मागे सोडलेल्या फायली

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला आमचं एक छोटं मराठी वाचनालय आहे. तिथल्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह सारखा भरायला लागला. 'धिस पीसी' उघडलं की ड्राइव्हखालची निळी पट्टी लाल दिसायची. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ती लाल करतं. नुसती पट्टी लाल असती तर मी मागे लागले नसते, पण जुन्या कागदांचं स्कॅनिंगच अडत होतं. स्कॅनरचं सॉफ्टवेअर पान आधी सी ड्राइव्हवरच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या, फोल्डरमध्ये उतरवतं आणि मग डी ड्राइव्हवर ठेवतं. त्यामुळे डी वर ढीगभर जागा असूनही 'डिस्क फुल' यायचं. लांबून कागद घेऊन आलेल्या माणसाला 'आज नाही जमणार, पुन्हा याल का?' असं विचारावं लागायचं, आणि ते मला फार लागायचं.

कारण हे काम साधं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. तळमजल्यावरच्या ट्रंका भिजल्या, कपाटांचे खालचे कप्पे भिजले, आणि कितीतरी मराठी घरांना तेव्हाच कळलं की आपल्याकडे आजोबा-पणजोबांचं काय काय पडून होतं. मोडीतली पत्रं, सनदा, वंशावळी, रोजमेळ, कीर्तनाच्या आख्यानांच्या वह्या. जे वाचलं ते आता लोक आमच्याकडे आणतात. आम्ही ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, रंगीत, टिफ या प्रकारची चित्राची फाइल करतो. ए-फोर आकाराचं एक पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. एका पानाचे साधारण २६ एमबी होतात. तीनशे पानांचं एक बाड पाऊणे आठ जीबीच्या घरात जातं. बाडाची झिप करतो, म्हणजे सगळी पानं एकाच फाइलमध्ये बांधतो. जागा वाचावी म्हणून नाही, कारण जुन्या कागदाचं रंगीत स्कॅन झिपने फारसं आटत नाही. पण झिपमध्ये प्रत्येक फाइलबरोबर तिचा सीआरसी हा पडताळणीचा आकडा राहतो आणि दोन वर्षांनी 'टेस्ट' केलं तर एखादं पान खराब झालंय का ते कळतं. एका घराची सगळी बाडं मिळून वर आणखी एक झिप. डब्यात डबा. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सयाजीगंजातल्या दुकानातला मुलगा आला, त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बेन, फॉर्मेट मारी दइए." म्हणजे ड्राइव्ह सगळा पुसून पुन्हा कोरा करू या. मी नको म्हटलं. फॉर्मेट हा शब्द आपल्याकडे फार पटकन उच्चारला जातो. फॉर्मेट केल्यावर जागा मोकळी होते हे खरं, पण ती का भरत होती ते कळायचा शेवटचा धागाही पुसला जातो आणि महिन्याभराने पुन्हा तिथेच यावं लागतं.

आधी विंडोजचं डिस्क क्लीनअप चालवलं. थोडंफार निघालं, पण जेवढी जागा गेली होती तिच्या मानाने काहीच नाही. त्याचं एक कारण असं की टेम्प फायलींच्या बाबतीत डिस्क क्लीनअप आठवड्याभरात हात लागलेल्या फायलींना शिवत नाही. मग विनडरस्टॅट चालवलं. हे फुकटचं सॉफ्टवेअर सगळा ड्राइव्ह वाचून प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या रंगीत चौकोनात दाखवतं. नुसतं डबल क्लिक करून उघडलं तर त्यातही बेरीज जुळेना. ड्राइव्ह म्हणे भरलेला आणि फायलींचा हिशेब निम्म्यावर. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं तेव्हा राहिलेला भाग दिसला. मधोमध काही प्रचंड चौकोन आणि त्यांच्या कडेला लहान चौकोनांची रांग, सगळे सी ड्राइव्ह, विंडोज, टेम्प या फोल्डरच्या आत, अँटिव्हायरसच्या नावाच्या एका उपफोल्डरमध्ये.

इथे एक सांगते, कारण बऱ्याच जणांची गल्लत होते. टेम्प फोल्डर एक नसतो. आपण रनमध्ये टेम्प लिहून टक्केवारीच्या चिन्हांसह उघडतो तो आपल्या यूजरचा, अ‍ॅपडेटाच्या आतला. अँटिव्हायरसचं तपासणीचं काम मात्र आपल्या नावाने चालत नाही, ते सिस्टिमच्या नावाने मागे चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिस, करते, आणि तिचा टेम्प म्हणजे विंडोजच्या आतला टेम्प. लोक इमानाने आपला टेम्प रिकामा करत राहतात आणि जागा दुसरीकडेच जात असते.

फायलींची नावं काही अक्षरं, काही आकडे आणि शेवटी डॉट टीएमपी अशी होती. नावावरून काही कळेना. लहान चौकोनांतल्या फायलींचे आकार बघितले तर बहुतेक २६ एमबीच्या आसपास. तो आकडा मी रोज बघते, त्यामुळे लगेच शंका आली. एक फाइल कॉपी करून बाजूला घेतली आणि नोटपॅडमध्ये उघडली. अगम्य चिन्हांच्या आधी, अगदी सुरुवातीला इंग्रजी मोठा आय, पुन्हा आय आणि एक तारा. टिफ फाइल अशीच सुरू होते. कॉपीचं नाव बदलून शेवटी टिफ लावलं आणि उघडलं.

समोर मोडीतलं पत्र आलं. वरच्या कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग, घडीच्या रेघेवर कागद फाटलेला, डाव्या समासात कुणीतरी नंतर बाळबोध अक्षरात लिहिलेली तारीख. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका घराने विश्वासाने दिलेलं बाड होतं ते. त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की काही पत्रं घरगुती आहेत, ती बाहेर जाऊ नयेत, आणि आम्ही ती डी ड्राइव्हवर पासवर्डच्या फोल्डरात ठेवली होती. त्याच पत्राची प्रत इथे, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, टेम्पमध्ये पडलेली. जागेचा प्रश्न त्या क्षणी माझ्यासाठी दुय्यम झाला.

मोठ्या फायली सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितल्या. एक नीट उघडली, आत आमच्याच क्रमांकांची पानं. बाकीच्या 'अनएक्सपेक्टेड एंड' म्हणून थांबल्या, म्हणजे अर्धवट लिहिलेल्या झिप. मग चित्र स्पष्ट झालं. झिपमधल्या फायलींची यादी झिपच्या शेवटी असते. बाहेरच्या झिपमध्ये आणखी एक झिप असेल, तर आतली नीट तपासण्यासाठी अँटिव्हायरस ती आधी पूर्ण बाहेर काढून कुठेतरी ठेवतो, मग तिच्यातलं एकेक पान काढतो. आमच्या 'डब्यात डबा' पद्धतीमुळे एका वेळेला सात-आठ जीबीची फाइल टेम्पमध्ये उतरत होती. तपासणी संपली की ती पुसली गेली पाहिजे. ती पुसली जात नव्हती.

का, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर लावलं. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतो ते हे दाखवतं. त्याला फक्त विंडोज-टेम्पचा पत्ता फिल्टरमध्ये दिला आणि एका झिपवर राइट क्लिक करून तपासणी सुरू केली. ओळी भराभर पडू लागल्या: अँटिव्हायरसची सर्व्हिस फाइल तयार करते, लिहिते, वाचते, बंद करते, पुसते. शेवटी फोल्डरमध्ये नवीन काहीही उरलं नाही. म्हणजे अँटिव्हायरस आपला पसारा आवरत होता. मग तपासणी पूर्ण होतच नसावी, मधेच कुठेतरी तुटत असावी.

उरलेल्या फायली तारखेने लावल्या. त्या गटागटाने होत्या, आणि प्रत्येक गटाची वेळ रात्री आठच्या पुढे-मागे. अँटिव्हायरसची रोजची तपासणी साडेसातला लावलेली होती, दिवसा कॉम्प्युटर मंद होऊ नये म्हणून. वाचनालय आठला बंद होतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत सिस्टिमचा लॉग उघडला. ज्या रात्रींच्या फायली उरल्या होत्या त्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल-पॉवरचा ४१ क्रमांकाचा इव्हेंट आणि त्याच्याजवळच ६००८. दोन्हींचा अर्थ एकच: आधीच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नाही.

वाचनालय बंद करणारे काका अतिशय काटेकोर. मी त्यांना विचारलं, "काका, रात्री कॉम्प्युटर कसा बंद करता?"

"शट डाउन करतो की. पडदा काळा झाला की मेन स्विच पाडतो. पुरानंतर समितीने ठरवलंय ना, रात्री लाइट चालू ठेवायची नाही म्हणून."

त्यांचं अगदी बरोबर होतं. भिंतीतली वायरिंग भिजून गेलेली, नियम योग्यच. पण सगळ्या रात्री फायली उरत नव्हत्या, हे मला समजत नव्हतं. काकांनीच सुचवलं, "वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम असेल त्या दिवशी मेन स्विच उशिरा पडतो, ताई. लोक जाईपर्यंत थांबावं लागतं." आम्ही कार्यक्रमांची वही काढली आणि तारखा लावून बघितल्या. भजन, व्याख्यान, कोजागिरी: ज्या ज्या रात्री वर कार्यक्रम होता, त्या रात्रींचा एकही गट टेम्पमध्ये नव्हता.

आता पडदा काळा झाल्यावर आत काय चालतं ते बघू. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि बहुतेक कॉम्प्युटरवर ती आपोआप चालू असते. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर आपण उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिस बंद होत नाहीत. त्यांची त्या क्षणाची स्थिती हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे चालू होते. म्हणजे अँटिव्हायरसला कुणी 'थांब, आवर' असं सांगतच नाही. तो अर्ध्या तपासणीत गोठतो. ही स्थिती लिहून व्हायला काही सेकंद लागतात, आमच्या जुन्या कॉम्प्युटरला जास्तच, आणि तोवर पडदा काळा असतो पण कॉम्प्युटरच्या डब्यावरचा दिवा चालू असतो. तेवढ्यात मेन स्विच पडला की स्थिती लिहायची राहून जाते. सकाळी विंडोज नव्याने सुरू होतं, अँटिव्हायरसला कालच्या तपासणीचं काही ठाऊक नसतं, आणि त्याने काढून ठेवलेली झिप बेवारस होते. कार्यक्रमाच्या रात्री लिहिणं पूर्ण व्हायचं, सकाळी तपासणी तिथून पुढे चालायची, संपायची आणि फायली पुसल्या जायच्या.

आपल्या कॉम्प्युटरवर हे चालू आहे का ते बघायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे 'अप टाइम', म्हणजे शेवटच्या खऱ्या सुरुवातीपासूनचा वेळ, बघा. रोज रात्री शट डाउन करूनही तो काही दिवसांचा दिसत असेल तर फास्ट स्टार्टअप चालू आहे. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर बंद होऊन सुरू होतं. म्हणून बिघाड शोधताना 'बंद करून चालू केलं' याला मी आता धरत नाही, रीस्टार्ट केलं का तेच विचारते.

मग पुसायचं काम. ते मी शेवटी ठेवलं होतं, कारण पुसल्यावर पुरावा उरत नाही. साधं डिलीट चालेना, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असूनही 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. अँटिव्हायरस स्वतःच्या फोल्डरांना कुणाला हात लावू देत नाही. एखाद्या व्हायरसने त्यालाच पुसून टाकू नये म्हणून हे संरक्षण असतं. ते सेटिंगमधून तात्पुरतं बंद करता येतं, पण मला विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करणारा सेफ मोड जास्त बरा वाटला, कारण तिथे या सर्व्हिस साधारणपणे सुरूच होत नाहीत. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४. त्याआधी एक काळजी जरूर घ्या: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर या वाटेवर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर लिहून ठेवा. नेटची केबल काढली, सेफ मोडमध्ये गेले आणि तो उपफोल्डर शिफ्ट-डिलीटने रिकामा केला. फोल्डर स्वतः राहू दिला, आणि विंडोज-टेम्पमधल्या बाकीच्या फायलींना हात लावला नाही. एखाद्या अर्धवट इन्स्टॉलेशनला रीस्टार्टनंतर लागणाऱ्या फायलीही तिथेच असतात. दर वेळी कॉम्प्युटर सुरू होताना अख्खा टेम्प पुसणारी बॅच फाइल लावा असा सल्ला मला मिळाला होता. तो मी घेतला नाही. त्याने लक्षण झाकलं गेलं असतं आणि रोज रात्री कुणाची तरी पत्रं सकाळपर्यंत टेम्पमध्ये पडून राहिली असती.

बदल केले ते असे. फास्ट स्टार्टअप बंद केलं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये ते आहे. आता शट डाउन करताना सर्व्हिसना थांबायची सूचना मिळते. तपासणीची वेळ दुपारी लावली, वाचनालय बंद असतं पण कॉम्प्युटर चालू असतो तेव्हा. रोज सगळ्या झिप नव्याने उघडण्याऐवजी नवीन आणि बदललेल्या फायलीच तपासायचा पर्याय निवडला, पूर्ण तपासणी आठवड्यातून एकदा. आणि झिपच्या आत झिप करणं थांबवलं. आता घराचं एक फोल्डर, त्यात बाडांच्या सुट्या झिप. काकांनी मेन स्विचशेजारी मराठीत आणि गुजरातीत चिठ्ठी लावली: पडद्याकडे नको, डब्यावरचा दिवा विझल्यावरच स्विच पाडा.

डी ड्राइव्ह तपासणीतून वगळायचा सोपा उपायही होता. तो मला मान्य नाही. आमच्याकडे लोक स्वतः काढलेले फोटो पेनड्राइव्हवर आणतात, आणि ते पेनड्राइव्ह कुठे कुठे लागून आलेले असतात याचा नेम नसतो. शेवटी अँटिव्हायरस अजून नीट काम करतोय ना हे आयकार चाचणीने बघितलं: ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ, जी सगळ्या अँटिव्हायरसनी व्हायरस समजून पकडायची असं ठरलेलं आहे. फाइल सेव्ह होताक्षणी पकडली गेली.

हा त्रास एकाच प्रकारच्या सॉफ्टवेअरचा नाही. मे २०२१ मध्ये विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरच्या १.१.१८१००.५ या इंजिनमध्ये दोष होता. प्रोग्रॅमडेटातल्या त्याच्या स्कॅन हिस्टरीच्या फोल्डरमध्ये हजारो बारीक फायली साठत गेल्या आणि मायक्रोसॉफ्टने १.१.१८१००.६ काढून तो दुरुस्त केला. त्याहून जुनी हकिकत २००६ ची. मॅकाफीने आपल्या अँटिव्हायरसमध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरला होता आणि त्याच्या टेम्प फायली लोकांच्या सी ड्राइव्हवर एसक्यूलाइटच्या नावाने दिसायच्या. वैतागलेले लोक ते नाव नेटवर शोधून थेट डेटाबेस लिहिणाऱ्यांना रात्री-बेरात्री फोन करायचे. शेवटी त्यांनी टेम्प फायलींच्या नावातली अक्षरं उलट क्रमाने लिहिली. हे त्यांनी प्रोग्रॅमच्या कोडमध्येच नोंदवून ठेवलंय. म्हणून फाइलच्या नावावरून कुणाला दोष देण्याआधी ती कोण तयार करतंय हे प्रोसेस मॉनिटरमध्ये बघणं मला जरुरीचं वाटतं.

आणि संख्येकडेही लक्ष असू द्या. विंडोजच्या ठरावीक पद्धतीने बनणाऱ्या टेम्प नावांत चार आकडी हेक्स क्रमांक (० ते ९ आणि ए ते एफ) असतो, म्हणजे नावाची सुरुवातीची अक्षरं तीच असतील तर एका फोल्डरात जास्तीत जास्त ६५,५३५ नावं. तेवढ्या फायली साठल्या की ड्राइव्हवर कितीही जागा असली तरी नवीन टेम्प फाइल बनत नाही, आणि भलताच प्रोग्रॅम भलतीच चूक दाखवत बसतो.

समितीला मी सगळं सांगितलं, घरगुती पत्रांच्या प्रतींचंही. त्या घरी काका आणि मी जाऊन आलो. कॉम्प्युटर नेटवर असताना त्या फायली तिथे होत्या, पण त्या फोल्डरमधून त्या बाहेर गेल्याचं काही दिसलं नाही, एवढं आम्ही त्यांना सांगू शकलो. त्यांनी बाडं परत मागितली नाहीत. उरलेली दोन आणून दिली.

अँटिव्हायरसच्या कंपनीलाही लिहिलं आहे. सोबत प्रोसेस मॉनिटरची नोंद, इव्हेंटच्या तारखा आणि फायलींच्या वेळा जोडल्या आहेत. मागणी एकच आहे: सर्व्हिस सुरू होताना तिने आपला टेम्प उपफोल्डर बघावा आणि आधीच्या खेपेचं जे काही उरलं असेल ते पुसावं. आपल्याकडे लाइट जाते, स्विच पडतात, यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या असतात. हे धरूनच सॉफ्टवेअर लिहिलं पाहिजे. तक्रार क्रमांक मिळाला आहे, आणि उत्तर येईपर्यंत दर शनिवारी मी तो फोल्डर उघडून बघते.